शेडमधला प्रेस आणि अडणारी टिकली

लोक मला विचारतात, "मीनल, हे सगळं तुझ्याच बाबतीत कसं घडतं?" घडत सगळ्यांच्याच बाबतीत असतं. बाकीचे घरी जातात, जेवतात आणि विसरतात. मी पोळ्या लाटताना नवऱ्याला सांगते, मग फोनवर बहिणीला सांगते, आणि तिसऱ्यांदा सांगेपर्यंत त्याचा किस्सा झालेला असतो. इथे न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनबाहेर आमच्या पिस्तूल क्लबची एक पत्र्याची शेड आहे, तिथे तर हे पीक बारमाही येतं. आणि हो, मी जरा फुशारकी मारणार आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी चहा घ्यावा.

*

सुरुवात लायसन्सपासून करते. इथे बंदुकीचं लायसन्स मागितलं की एक अधिकारी घरी येतो आणि नवरा-बायकोशी वेगवेगळं बोलतो. माझ्या वेळी एक गंभीर चेहऱ्याच्या बाई आल्या. मी किचनमध्ये पोहे परतत होते आणि कान हॉलमध्ये होते.

त्यांनी अभयला विचारलं, "तुमच्या मिसेसना राग येतो का?"

अभय आयटीतला माणूस. प्रश्नाला नेमकं उत्तर द्यायची खोड. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "हो. रोज."

बाईंचं पेन थांबलं. "मग त्या काय करतात?"

"बोलतात."

"बस? नुसतं बोलतात?"

"तुम्ही ऐकलेलं नाहीये," अभय म्हणाला.

लायसन्स मिळालं. पोहेही संपले.

*

क्लबमध्ये मी एकटी गेले नाही, सुनीताताईला ओढून नेलं. सुनीताताई मूळची डोंबिवलीची, इथे हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी, आवाज मऊ, आणि हात असा स्थिर की पहिल्याच महिन्यात आमचा कॅप्टन रॉस तिच्या मागे येऊन उभा राहायला लागला. रॉस म्हणजे सत्तरीचा, कमी बोलणारा माणूस. शेड त्याची, किल्ली त्याची, आणि काडतुसं भरायचा प्रेसही त्याच्याच देखरेखीखाली.

प्रेस म्हणजे टेबलाला घट्ट बसवलेलं एक लोखंडी यंत्र. वापरलेली पितळी केस त्यात ठेवायची, हँडल ओढायचं, की केसच्या बुडाशी नवी प्रायमर बसते, मग दारू, मग गोळी. प्रायमर म्हणजे आपल्या दिवाळीच्या पिस्तुलातल्या टिकलीची मोठी बहीण, साधारण मसुरीच्या दाण्याएवढी. आम्ही दोघी तिला टिकलीच म्हणतो. एक छोटी पट्टी मागे सरकते, नळीतून एक टिकली उचलते आणि पुढे येते. दिसायला एवढं सोपं.

सुनीताताईचं मनगट एकदा मोडलेलं आहे. दुकानातल्या काडतुसांचा धक्का तिला सोसत नाही. ती स्वतः हलकी काडतुसं भरते आणि त्यांच्यावरच तिचा नेम. क्लबच्या टीममध्ये तिची निवड झाली तेव्हा मी शेडमध्ये पेढे वाटले. रॉसने पेढा खिशात ठेवला, पण ठेवला.

आणि मग नोव्हेंबरात, म्हणजे इथल्या उन्हाळ्याच्या तोंडाला, एका मॅचमध्ये तिने चाप ओढला आणि नुसतं 'क्लिक' झालं. पुढच्या फेरीत पुन्हा क्लिक. आमच्याकडे पहिल्या बिघाडाला माफी असते, दुसऱ्याला ती मालिकाच जाते, म्हणजे त्या फेरीतले सगळे गुण गेले. काडतूस उलटं करून पाहिलं, तर बुडाशी टिकलीच नव्हती.

रॉस म्हणाला, "पामर्स्टन नॉर्थ गावच्या क्लबशी मॅच आहे, तोपर्यंत हे नीट झालं तर तू खेळशील. नाही तर गॅरी." आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. एवढ्या वर्षांत कोणी मला कशासाठी निवडलं नव्हतं गं, असं परत येताना ताईने गाडीत फक्त एकदा म्हटलं.

*

आता शेडमधल्या प्रत्येकाला प्रेसमधलं कळायला लागलं. कोणी म्हणालं स्प्रिंग, कोणी म्हणालं नळी, कोणी म्हणालं हवामान. गॅरी हा राखीव खेळाडू. मनाने चांगला, पण हाताला धीर नाही. त्याने पाना घेतला आणि टिकल्यांनी भरलेल्या नळीवर ठोकायला निघाला.

टिकली ठोकली की काय करते हे वेगळं सांगायला नको. त्या क्षणी मला इंग्रजी सुचलं नाही. मी अस्सल चिंचवडच्या आवाजात ओरडले, "हात लावू नकोस मेल्या!"

गॅरीला मराठीचा एक शब्द येत नाही. त्याने पाना टाकला आणि दोन्ही हात वर केले.

रॉस कोपऱ्यातून म्हणाला, "ही भाषा आपण सेफ्टीच्या कोर्समध्ये घ्यायला हवी."

*

दुसऱ्या शनिवारी नळी बदलताना टिकल्या जमिनीवर सांडल्या. सगळ्यांनी वेचल्या. सुनीताताईने मोजल्या आणि म्हणाली, "एक कमी आहे."

गॅरी म्हणाला, "जाऊ दे, एकच तर आहे."

ताईने शेडचं दार आतून लावलं. "आमच्या थिएटरमध्ये सुई सापडल्याशिवाय पोट शिवत नाहीत," ती त्याच मऊ आवाजात म्हणाली. "कोणी बाहेर जायचं नाही."

मोठमोठे बाप्ये टॉर्च घेऊन गुडघ्यांवर रांगले. एक वकील होता, एक तीनशे गाईंचा मालक होता. टेबलाखाली नाही, पायपुसण्यात नाही. शेवटी ताईने गॅरीला जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढायला लावल्या. टिकली त्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात होती.

"ओके," ताई म्हणाली, "पेशंट बंद करा." त्या दिवसापासून शेडमध्ये जँडल्स घालून यायला बंदी आहे.

*

खरं तर हे कोडं मी सोडवायला हवं होतं. 'ते रापा' नावाच्या भागात एका कारखान्यात मी पॅकिंग लाइन सांभाळते. झाकण उलटं पडलं, पाकीट तिरकं गेलं, लाइन अडली, की फोन मला येतो. यंत्राला घास भरवणं हाच माझा धंदा. मी मोबाइलवर स्लो मोशन शूटिंग केलं, पट्टी पुसली, स्प्रिंग बदलली, नट आवळले, सैल केले. प्रेस दोन शनिवार गुणी बाळासारखा वागला आणि तिसऱ्या शनिवारी पुन्हा एक केस टिकलीशिवाय बाहेर आली. मॅच पंधरा दिवसांवर. माझा चेहरा बघून अभय आठवडाभर भांडी न सांगता घासत होता.

तेव्हा सुनीताताई म्हणाली, "मीनल, तू सारखी चिरफाड करतेयस. आधी हिस्टरी घेतलीस का?"

तिने खुर्ची ओढली आणि रॉससमोर बसली. "हे दुखणं कधीपासून आहे?"

"स्प्रिंगपासून. म्हणजे ऋतू, यंत्रातली नव्हे. ऑक्टोबर."

"ऑक्टोबरमध्ये काही नवीन झालं? पडला, धडकला, कोणी काही घातलं?"

रॉस बुटांकडे बघायला लागला. मग अवघडून म्हणाला, "तुम्ही दोघींनी त्याला सजवलं, त्याच सुमाराला."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. आम्ही शेडमध्ये प्रेसला हळद-कुंकू लावलं होतं, घरच्या झेंडूचा हार घातला होता, आणि वर मनोभावे अक्षता टाकल्या होत्या. चांगल्या मूठभर. चालावा म्हणून!

मी प्रेसवर झडप घातली. चिमट्याने पट्टीच्या मागची खाच उकरली, तर आत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा. तो मध्येच सरकायचा, पट्टी पूर्ण मागे जायची नाही, आणि टिकली न उचलताच पुढे यायची, नाही तर उचलताना तिला कोलांटी द्यायची. मी नोव्हेंबरपासून जे शोधत होते ते आमच्या डब्यातलं आंबेमोहोर होतं.

"सापडला, सापडला!" म्हणून मी दाणा रॉससमोर धरला. त्याला काही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"हो, तोच," तो म्हणाला. "मला ख्रिसमसच्या आधीच दिसला होता."

"मग काढला का नाहीस?"

रॉस लाल झाला. "तुम्ही आशीर्वाद दिला होता ना त्याला," तो म्हणाला. "मी कसा हात लावणार?"

एरवी मी काय बोलले असते ते अभयला विचारा. पण त्या दिवशी मी तो दाणा रुमालाच्या टोकात बांधला. सुनीताताईने पदर नव्हता म्हणून जॅकेटच्या बाहीने डोळे पुसले. मग तिने शनिवार-रविवार बसून मॅचची सगळी काडतुसं भरली आणि एकेक चष्म्यातून तपासली. रॉसचा डबा दाणा सापडायच्या आधीच भरलेला होता. तोही नव्याने भर असं मी सांगितलं, तर म्हणाला, "माझी मी तपासलेली असतात."

*

पामर्स्टन नॉर्थला आम्ही टाउपोवरून गेलो. गाडीत धपाटे होते, दही होतं आणि कोणालाही भूक नव्हती.

सुनीताताईचं नाव पुकारलं गेलं. ती उभी राहिली, खांदे खाली सोडले आणि सुरू झाली. मी टार्गेटकडे बघतच नव्हते, फक्त कान लावून होते. प्रत्येक वेळी बार झाला. शेवटपर्यंत एकदाही क्लिक नाही. टार्गेट परत आलं तेव्हा मधला काळा गोल चाळणीसारखा दिसत होता. त्यांचा कॅप्टन जवळ येऊन बघून गेला. मला एवढा अभिमान मुलीच्या ग्रॅज्युएशनलाही वाटला नव्हता, आणि हे मुलीला सांगितलं तरी चालेल.

टीममध्ये शेवटचा रॉस. पहिल्या फेरीतच त्याचं क्लिक झालं. तो नियमाप्रमाणे पिस्तुलाची नळी टार्गेटकडे ठेवून थांबला, मग काडतूस काढून पाहिलं. टिकली होती, पण उलटी. रॉस तपासतो तो अंगठ्याने. प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून अंगठा फिरवतो, आणि उलटी टिकली अंगठ्याला सपाटच लागते. चष्मा त्याचा गाडीत असतो.

आता पहिल्या बिघाडाची माफी संपली होती, पुढची मालिका बाकी होती आणि त्याच्याजवळ तोच एक डबा होता, ज्यात आणखी किती टिकल्या उलट्या असतील कोण जाणे.

काडतुसं भरणाऱ्यांमध्ये एक गोष्ट कोणी शिकवत नाही, सगळे पाळतात. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या पिस्तुलात घालायचं नाही, त्यात दारू जास्त पडलेली असली तर पिस्तूल हातातच फुटतं. भावाचं नाही, बायकोचंही नाही. रॉसने चाळीस वर्षांत एकदाही घातलेलं नाही, हे तो प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो.

त्याने आपला डबा बंद केला. चालत मागे आला, आमच्या बाकासमोर, आणि सुनीताताईपुढे तळहात पसरला.

"तुझी काही उरलीयेत?"

ताईने डबा उघडून त्याच्या हातावर काडतुसं ठेवली. रॉस लाइनवर परत गेला, पिस्तुलाचं काडतुसांचं चक्र उघडलं आणि एकेक आत सरकवत गेला. अंगठा एकाच्याही बुडावरून फिरला नाही.