धोंड्याच्या महिन्यात लेदर जॅकेट: अकोला ते भातकुली

लेदर जॅकेट कधी घ्यावं यावर इंटरनेटवर ढीगभर सल्ले आहेत. अकोल्यात राहून भर मे महिन्यात घ्यावं, असा सल्ला मात्र मला कुठेही सापडला नाही. तरी मी घेतलं. म्हणजे मला घेऊन दिलं.

झालं असं, की यंदा धोंड्याचा महिना नेमका उन्हात आला आणि सासऱ्यांचा फोनही आला. यातली दुसरी गोष्ट जास्त दुर्मीळ. अधिक महिना तीन वर्षांनी का होईना, येतो. सासरे लग्न झाल्यापासून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. माझ्या आजोबांपर्यंत आमच्या घरात चपला शिवायचं काम चाले, आणि भातकुलीच्या निवृत्त हेडमास्तरांना मुलीसाठी असं घर चालणार नव्हतं. म्हणून मी आणि स्वातीने कोर्टात लग्न केलं.

“जावईबापू, धोंड्याले या. आहेरात काय पायजे ते सांगा,” फोनवर आवाज आला.

मी घाबरून काहीच नको म्हणालो. मागून स्वाती ओरडली, “बाबा, लेदर जॅकेट! गाडीवर चिखलदऱ्याले जायाचं म्हणून माह्यं डोकं खाऊन राहिले हे.”

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज. मग, “बरं. अमरावतीतून घेऊ. तुमाले चामड्यातलं समजतेच.”

मी विमा कंपनीत आहे. वडील एसटीत कंडक्टर होते. माझा चामड्याशी संबंध कमरेच्या पट्ट्यापुरता. ओठांवर आलेलं उत्तर मी गिळलं, कारण स्वाती तोवर बॅग भरायला लागली होती. तिला एकदा तरी माहेरच्या माजघरात नवऱ्याशेजारी बसून जेवायचं होतं. बाकी कशाचं तिला पडलेलं नव्हतं.

उन्हाळ्यात या रस्त्याला गाडीवर निघायचं असेल तर पहाटे निघा, डोक्याला दुपट्टा बांधा आणि पाणी वाटेल त्याच्या दुप्पट घ्या. अकोला-अमरावती रस्ता आता झकास झाला आहे. मूर्तिजापूरला चहा, बडनेऱ्याला ताक. अमरावतीत पोचल्यावर गिला वडा खाल्लाच पाहिजे. दह्यात बुडालेला तो वडा पोटात गेला, की ऊन थोडा वेळ दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर पडतंय असं वाटतं.

कपड्यांच्या दुकानाबाहेर सासरे छत्री घेऊन उभे होते. मालक रफीकभाई आम्हाला साड्या दाखवायला निघाले होते. जॅकेट म्हटल्यावर ते माळ्याकडे आणि मग आमच्याकडे बघत राहिले.

“मास्तर, मई में जॅकेट? तब्येत बरी हाय ना?”

“जावयाचा आहेर हाय,” सासरे म्हणाले. “अस्सल दाखवा. यायले समजते त्यातलं.”

माळ्यावरून धूळ आणि जॅकेटं एकदमच खाली आली. मी फोनवर वाचलेलं सगळं आठवलं. पहिलं काळं जॅकेट हातात घेऊन मी डोळे मिटले, खोल वास घेतला आणि मान डोलावली.

“बगा,” सासरे अभिमानाने म्हणाले, “वासावर ओळखते.”

“भाऊ, वो रेक्झीन है,” रफीकभाई हळूच म्हणाले.

मला माळ्यावर जाऊन लपावंसं वाटलं. सासरे खाकरले. “इम्तिहान घेऊन राहिले ते तुमचा. दुसरं काढा.”

ते माझी बाजू घेतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यानंतर मात्र मी मुकाट्याने अंगात घालून पाहिली. घेणाऱ्यांसाठी सांगतो: खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच बसली पाहिजे. हात हँडल धरल्यासारखे पुढे करा, बाही मनगटावरून वर पळायला नको. कातडी सगळीकडे अगदी एकसारखी गुळगुळीत दिसली तर शंका घ्या. आम्ही बकऱ्याच्या चामड्याचं, तपकिरी, अंगाबरोबर वळणारं जॅकेट घेतलं. किंमत विचारू नका. आहेराची किंमत जावयाने बघायची नसते.

भातकुलीत पोचेपर्यंत दुपार झाली होती. माजघरात रांगोळी, पाट, परातीत पुरणाचे धोंडे, अनारसे आणि पातेलंभर आमरस. समोर देवघर. धोंड्याला जावई म्हणजे साक्षात नारायण, असं सासूबाई म्हणाल्या. नारायणाने अंगणात जॅकेट चढवलं आणि पायरीशी आला. दारात आक्का, सासऱ्यांकडेच राहणारी त्यांची थोरली बहीण, आडवी आली.

“चामडं देवाजवळ नाई येत. जोड्यासारखं भायेर राहू द्या.”

“पण आहेर अंगावर घातल्याबिगर ओवाळता येत नाई, आक्का,” सासूबाई म्हणाल्या.

दोन्ही नियम पक्के. चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, देवघराला पडदा लावा. शेवटी आक्कानेच तोड काढली. “ओट्यावर पाट टाका. जावईबापू भायेरच जेवतीन. काय बिघडते?”

पाट ओट्यावर आला. मी तापल्या फरशीवर, गळ्यापर्यंत चामड्यात, घामाने निथळत बसलो. समोरच्या घरातल्यांनी खुर्च्या बाहेर काढल्या. सगळे चामड्याबद्दल बोलत होते. माझ्या आजोबांचं नाव कुणीच घेतलं नाही. मला राग आला, खरा राग. असला मान मला नको होता. पण ओवाळायचं ताट धरलेल्या स्वातीकडे बघून मी उठलो नाही.

तिनेच ताट खाली ठेवलं. “बाबा, आमी निघतो.”

“थांब,” सासरे म्हणाले. ते माझ्यापुढे आले. “काढा ते.”

संपलं, असं मला वाटलं. मी जॅकेट काढून दिलं. त्यांनी ते पांढऱ्या सदऱ्यावर चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि आक्काच्या बाजूने थेट आत गेले. देवघरासमोर मांडी घालून बसले.

“आक्का, आता मले काढ भायेर.”

आक्काने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. “काहून लेकरासारखं करून राहिला रे?” ती म्हणाली.

“आतापर्यंत मीच लेकरासारखं केलं,” सासरे म्हणाले. “जावईबापू, आत या. तुमचा पाट माह्याजवळ.”

मी ओल्या शर्टाने त्यांच्या शेजारी बसलो. स्वाती माझ्या दुसऱ्या बाजूला बसली. सासूबाईंनी आधी जॅकेटला ओवाळलं आणि मग मला. सासऱ्यांनी तशाच अवतारात तीन धोंडे खाल्ले. आमरसाच्या दुसऱ्या वाटीला त्यांचा चेहरा लाल झाला, पण चेन एक बोटही खाली आली नाही. आक्काने कूलरचं तोंड त्यांच्याकडे फिरवलं. मला वाढताना मात्र तिने माझ्याकडे बघितलं नाही, हेही सांगून टाकतो. एका जेवणात सगळं घर बदलतं, असं लिहिलं तर स्वाती हा ब्लॉग वाचणं सोडून देईल.

अकोल्याला परतून आठवडा झाला. थंडीत जॅकेट किती ऊब देतं, वाऱ्याला कसं टिकतं, याची माहिती मी देऊ शकत नाही, कारण ते माझ्याकडे नाही. निघताना ते घामाने इतकं भिजलं होतं, की सासऱ्यांनी वाळायला देवघराजवळच्या खुंटीला टांगलं. काल आक्काचा फोन आला. पूजेला बसलं की ते समोर दिसते, कधी नेता म्हणून.

“थंडी पडू द्या आत्याबाई, मंग येतो,” मी म्हटलं. “तवर राहू द्या आतच.”