दोन वाजले की माघारी

हिंगोली जिल्ह्यातून हिमालयात जाणाऱ्या सगळ्या वाटा जवळा बाजारच्या एका दोरांच्या दुकानातून निघतात. हे दुकान माझ्या दाजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, यजमानांचं. दाजी कासरे, दावी आणि वेसणी विकतात, आणि गिऱ्हाईक नसलं की बर्फाच्या डोंगरांवर कुठून चढावं ते ठरवतात. गिऱ्हाईक असलं तरी ठरवतात. कोणत्या खिंडीतून शिरायचं, तंबू कुठं ठोकायचे, कोणत्या धारेनं वर जायचं, कोणत्या उतारावर शिंकायचंसुद्धा नाही, हे सगळं त्यांचं ठरलेलं असतं. त्यांनी स्वतः सर केलेलं सर्वांत उंच ठिकाण म्हणजे एसटीची वरची पायरी. शिडीच्या तिसऱ्या दांडीवर त्यांना घेरी येते. ही माहिती मी दोन ठिकाणी पडताळून घेतली आहे. एकदा अक्काकडं आणि एकदा शिडीजवळ उभं राहून.

तरुणपणी दाजी पाणलोटाच्या कामावर मुकादम होते. माळरानावर बांध घालायचे तर सारख्या उंचीच्या रेघा आखाव्या लागतात. रेघा दाट तर चढ उभा, विरळ तर चढ सोपा. एवढी विद्या ते तिथं शिकले, आणि ती माळरानावर वाया जाते आहे असं त्यांना वाटू लागलं. त्याच सुमारास खताच्या दुकानदारानं एक कॅलेंडर दिलं. त्यावर बर्फाची शिखरं होती. सोयाबीनच्या खताचा बर्फाशी काय संबंध, हे दुकानदारालाही सांगता आलं नसतं. इतर शेतकऱ्यांनी तारखा पाहिल्या, दाजींनी चित्र पाहिलं. ते पान मार्चचं होतं. एप्रिल आला, मे आला, पण दाजींनी पान उलटू दिलं नाही. त्या वर्षी अक्कानं सगळ्या एकादशा मार्चच्या हिशेबानं धरल्या आणि देवानंही त्या चालवून घेतल्या.

चित्रातल्या मोठ्या शिखराकडं दाजींनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचा जीव जडला तो त्याच्या शेजारी जरा मागं सरकून उभ्या असलेल्या दुसऱ्या शिखरावर. पुढं मोबाइल आला, उपग्रहाचे नकाशे आले, आणि बऱ्याच शोधाशोधीनंतर ते शिखर हिमाचलातल्या लाहौल भागात सापडलं. त्याला नाव नव्हतं, नुसता उंचीचा आकडा होता. दाजींनी त्याचं नाव जाऊबाई ठेवलं. “थोरलीचं नाव समद्यांना ठाऊक, हिला कोणी विचारत न्हाई. म्हणून तोंड फिरवून बसलीय बघा.” खरोखरच ते शिखर थोडं वळून बसल्यासारखं दिसतं. एकदा हे ऐकल्यावर ते दुसरं काही दिसतच नाही.

जाऊबाईवर चढायची वाट आखण्यात दाजींची पुढची वर्षं गेली. पहिली वाट त्यांनी सरळ नाल्यातून नेली. बांधबंदिस्ती केलेल्या माणसाला डोंगर दिसला की आधी नाला दिसतो, आणि नाल्याकाठी सावली असते, तिथं डबा सोडायची सोय असते. पुण्याच्या एका गिर्यारोहकाला त्यांनी फोनवर ही वाट सांगितली. मग तो म्हणाला, की त्या नाल्यातून दर दुपारी बर्फाचा कडा कोसळून खाली येतो. दाजींनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, “पाव्हणे, आपल्याकडं नाल्यातून पाणी येतं. तिकडं डोंगरच येतो म्हणं!” त्यांच्या आवाजात भीती नव्हती, कौतुक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाट नाल्यातून उचलून डावीकडच्या धारेवर ठेवली आणि दुकानाच्या मागच्या भिंतीवर गेरूनं अख्खा डोंगर काढून ती रेघ पक्की केली.

ही विद्या त्यांनी घरातही वापरली. ताटात भात पडला की त्याचा डोंगर व्हायचा, वरणाची हिमनदी व्हायची, आणि वाट पूर्ण झाल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही. एका पाहुण्यानं अनवधानानं शिखर खाल्लं, तर दाजी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. धारेवरच्या बर्फाचा छज्जा किती फसवा असतो, हे ते फुगलेल्या भाकरीवर समजावून सांगत. वरचा पापुद्रा बोटानं दाबायचे, फस्सकन वाफ निघायची, बोट भाजायचं, आणि ते तसंच वर धरून म्हणायचे, “वरून दिसती जमीन, खाली नुसती हवा. इथं पाय ठिवला की गेला माणूस.” अक्का म्हणायची, “गरम हाय तवर खा. माणूस जाईल तवा जाईल.”

उन्हाळ्यात अक्का कुरडया वाळत घालायला शिडीनं माळवदावर, घराच्या सपाट धाब्यावर, चढायची तेव्हा दाजी तिच्या कमरेला नवा कासरा बांधत, दुसरं टोक स्वतःच्या कमरेभोवती फिरवून खाली पाय रोवून उभे राहत आणि ती एकेक दांडी चढेल तसतसा दोर सोडत.

“काहून बांधून राहिले मला? मी काय म्हैस हाय काय?”

“म्हशीला बांधायला अर्धा कासरा पुरतो. तुला अख्खा लावलाय.”

गल्लीतली पोरं हे पाहायला जमत. अक्का वर कुरडया घालायची आणि खाली तिचा नवरा घामाघूम व्हायचा. चढणाऱ्यापेक्षा दोर धरणारा जास्त थकतो, हे दाजींचं मत मला त्या अंगणात पटलं.

पण दाजींचा सगळ्यांत लाडका नियम होता माघारीच्या वेळेचा. बर्फात दुपार कलली की उतरणं अवघड होतं. म्हणून निघण्याआधीच वेळ ठरवायची आणि ती झाली की असाल तिथून मागं वळायचं, शिखर हाताच्या अंतरावर असलं तरी. दाजींची वेळ दोनची होती. “शिखर दिसून राहिलं ना, तवाच माणूस मरतो,” असं ते कासरा मोजता मोजता शेतकऱ्यांना सांगत. शेतकरी मान डोलवत आणि कासऱ्याचा भाव कमी करायला सांगत.

हा नियम जिल्ह्याला समजला तो त्यांच्या पुतण्याच्या लग्नात. लग्न आखाडा बाळापूरला होतं आणि वऱ्हाड न्यायची जबाबदारी दाजींनी मागून घेतली होती. सबंध रस्ता तळहातासारखा सपाट आहे. तरी त्यांनी शिरड शहापूरला वऱ्हाड उतरवलं आणि हवेची सवय व्हावी म्हणून सगळ्यांना चहा पाजून झाडाखाली बसवून ठेवलं. पुढं मांडवात व्हायचं तेच झालं. बँड थांबेना, नवरदेवाचे मित्र नाचायचे थांबेनात, मग आशीर्वादाची भाषणं सुरू झाली. दुपारचा मुहूर्त टळून गेला. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, लोकांनी मुठीत अक्षता घेतल्या, आणि दाजींनी घड्याळ पाहिलं. दोन वाजले होते.

ते शांतपणे मांडवातून पुढं गेले आणि नवरदेवाचा हात धरला. “चल. माघारी.”

“काका, अक्षता पडायच्यात अजून!”

“हेच ते. शिखर दिसतंय म्हणून थांबला की मेला.”

तेवढ्यात नवरीच्या मामानं पलीकडून आवाज दिला, “अवो लगीन हाय हे, मरायलाच आलाय त्यो!”

मांडव हसला. नवरीही अंतरपाटाआड हसली, असं नंतर समजलं. नवरदेवाचा शेला नवरीच्या भावांनी घट्ट धरून ठेवल्यामुळं तो तेवढा वाचला. पण टेम्पो दाजींनी आणलेला होता आणि तो त्यांचंच ऐकत होता. त्यात चढलेलं अर्धं वऱ्हाड अक्षता न टाकता, न जेवता, बुंदीचा वास मागं ठेवून परतलं. वाटेत एक म्हातारी दर फाट्यावर विचारत होती, “जेवण पुढच्या गावाला हाय का?” तेव्हापासून जवळा बाजारात दाजी रस्त्यानं निघाले की कोणी ना कोणी ओरडतं, “दाजी, वाजले का दोन?” दाजी खरंच घड्याळ पाहतात आणि खरंच उत्तर देतात.

त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची, याच घरात भाताच्या डोंगरांवर वाढली. नोकरीसाठी ती पुण्याला गेली, तिथं एका गिर्यारोहण मंडळात शिरली, रीतसर शिकली आणि दोन-तीन लहान शिखरं करून आली. गेल्या वर्षी मंडळाला नवं शिखर हवं होतं. तिनं दुकानातल्या भिंतीचा फोटो पुढं ठेवला. जाणत्यांनी उपग्रहाच्या चित्राशी तो ताडून पाहिला. धार बरोबर होती, तंबूच्या जागाही, एक वगळता, बरोबर होत्या. मोहीम ठरली. जाऊबाईवर, दाजींच्या रेघेनं, दाजींची मुलगी जाणार होती.

ती निघाली त्या दिवशी आम्ही तिला हिंगोलीच्या बसस्थानकावर सोडायला गेलो. दाजींनी छज्जा सांगितला, धार सांगितली, वाऱ्याची दिशा सांगितली. बस सुटली. परत फिरताना अक्का एकदम म्हणाली, “दोन वाजल्याचं काहून न्हाई बोलले?”

दाजी पुढं चालत राहिले. “तिला ठाऊक हाय.”

“साऱ्या जगाला सांगता. मांडवात सांगितलं. लेकरालाच न्हाई सांगितलं?”

एवढी वर्षं ज्या शिखराची वाट दाजींनी आखली, तिथं पोहोचायला कोणीतरी निघालं होतं, आणि तिला मागं वळायला सांगायला त्यांची जीभ रेटली नव्हती. हे अक्काला समजलं होतं. दाजींनाही समजलं होतं. पुढं वर गेल्यावर मुलीचा फोन लागणार नव्हता.

चढाईचा ठरलेला दिवस नेमका आठवडी बाजाराचा निघाला. मी दुकानातच होतो. वाऱ्याचा, बर्फाचा एक शब्द दाजींनी काढला नाही. त्यांनी कासरे मोजले आणि तीन वेळा चुकले. दुपारी एक गिऱ्हाईक समोर उभं असताना, अर्धा कासरा हातावर मोजलेला असताना, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दोनवर आला. दाजी उठले आणि त्यांनी माल आत टाकायला सुरुवात केली.

“अवो दाजी, माझा कासरा?”

“आता न्हाई. माघारी.”

भर बाजारात फळ्या लावून ते घरी निघाले. कोणी चिडवलं नाही. मला वाटतं, ते जवळा बाजारातून इतक्या जोरानं मागं वळले की लाहौलमध्ये कोणाला तरी ते ऐकू जावं.

तीन दिवसांनी फोन आला. दाजींनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. रेंज तुटत होती. अक्कानं आधी फोन हिसकावला.

“माय, बरी हायस का?”

“बरी हाय आई. समदे बरे हायेत. अण्णांना दे.”

दाजींनी घसा साफ केला. सगळ्यांना वाटलं, ते शिखराचं विचारतील. त्यांनी विचारलं, “धार हाय का गं तिथं?”

“हाय अण्णा. तुमी काढली तशीच हाय. छज्जा बी हाय, भाकरीसारखाच. आमी त्याच्यापासून लांबून गेलो. पण आदल्या रातचा बर्फ लई मऊ होता, पाय गुडघ्याएवढे जाऊन राहिले. शिखर तर असं व्हतं, की ओट्यावर बसून तुळस दिसती ना, तसं.”

“मग? कुठवर गेलीस?”

पलीकडं वारा वाजत होता. मग ती हसली.

“दोन वाजेपर्यंत.”

दाजींनी फोन अक्काच्या हातात दिला आणि ते दुकानाच्या मागच्या भिंतीकडं गेले. मी मागून गेलो. त्यांनी ओलं फडकं घेतलं होतं आणि गेरूच्या रेघेचा वरचा, शिखरापर्यंतचा चार बोटं भाग ते हलक्या हातानं पुसत होते.

“राहू द्यायचा होता की,” मी म्हणालो.

“तिथवर कोणी गेलंच न्हाई पाव्हणे. रेघ कशी ठिवायची?”

आताही कोणी दोर घ्यायला आलं की दाजी त्याला भिंतीजवळ नेतात आणि मुलीची वाट दाखवतात. हा तंबू, हा दुसरा तंबू, ही धार, हा छज्जा. रेघ संपते तिथं त्यांचं बोट थांबतं. मग ते पुसट, पांढऱ्या जागेवरून थोडंसं पुढं सरकतं, क्षणभर तिथं टेकतं, आणि ज्या वाटेनं वर गेलं होतं त्याच वाटेनं सावकाश खाली येतं.