सत्तावीसातलं एक

आमची माय एकदा अडून बसली की ब्रह्मदेव आला तरी हलत नाही. यंदाच्या शिमग्यानंतर आम्ही बुलडाण्याजवळच्या वनस्पती उद्यानात गेलो तेव्हाही तसंच झालं. चिखलीहून मी आणि माय एसटीनं गेलो, मामा देऊळघाटहून आला. मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ. बेत त्याचाच होता. ऊन असं की चप्पल डांबराला चिकटत होती.

त्या बागेत नक्षत्रवन आहे. सत्तावीस नक्षत्रांची सत्तावीस झाडं गोलात लावलेली, प्रत्येकापुढे पाटी. ज्याचा जन्म ज्या नक्षत्रावर, ते त्याचं झाड. त्याला पाणी घालावं, त्याच्या सावलीत बसावं, असं म्हणतात. माझा यावर काडीचा विश्वास नाही. मी सावलीच्या आशेनं गेले होते.

मामाला त्याचं झाड लगेच सापडलं. आंबा. स्वारी खोडाला हात लावून अशी उभी राहिली, जशी काही कोय त्यानंच पुरली होती! मी फोटो काढला. माय बाजूला उभी राहून बघत होती.

"अन् माहं कोणतं?" ती म्हणाली.

मामानं मोबाईल काढला. "आधारवर एक जून हाय ना अक्का? पायतो, थांब."

"ते तारीख गुरुजीची हाय. शाळेत नाव घातलं तवा अख्ख्या वर्गाले त्यायनं एक जूनच देल्ली."

"मंग नावावरून काढू."

"नाव लग्नात सासरच्यायनं ठेवलेलं. त्यात माहं काय हाय?"

मामानं मोबाईल खिशात घातला. त्याची पत्रिका आजोबांनी लाल कापडात गुंडाळून पेटीत ठेवली होती, मी पाहिली आहे. मायची कुणी केलीच नाही. पोरीच्या जातीला पत्रिका कशाला, लग्न काय, होतंच!

"तू झाला तवा जोशीबुवाले बोलवाले मीच पयत गेलती," माय मामाला म्हणाली. "वेळ चुकू नये म्हणून. पायात काटे मोडले, तरी थांबली नाई."

भाजीचा भाव सांगावा तसं तिनं हे सांगितलं. पण माझं डोकं फिरलं. आजोबांचा राग आला, त्या गुरुजींचा आला, आणि मामाचाही आला. त्या बिचाऱ्याचा काय दोष, पण आला.

"जाऊ दे वं माय," मी म्हटलं. "चाल, रसवंतीवर जाऊ."

"काऊन? सत्तावीसातलं एक तं माहं हायेच ना? का मी बिननक्षत्राची पैदा झाली?" तिनं माझ्या हातातली बाटली ओढून घेतली. "सगळ्यायले पाणी घालीन. ज्याले भेटाचं त्याले भेटन."

आणि निघाली. गुडघे कुरकुरत होते, पदर घामानं भिजला होता, पण बाई थांबेना. बाटली संपली की मामा मुकाट्यानं नळावरून भरून आणायचा. तिनं मोहाला घातलं, सावरीला घातलं, मामाच्या आंब्यालाही घातलं. प्रत्येक खोडावर जरा वेळ हात ठेवायची आणि पुढच्याकडे वळायची. मी दोनदा 'बस झालं' म्हटलं. तिनं ऐकलं नाही आणि खरं सांगते, नंतर मलाही वाटायला लागलं की आता एकही सुटता कामा नये.

वर्तुळ संपत आलं तेव्हा वेताची पाटी आली. पाटी होती, झाड नव्हतं. आमच्याकडच्या उन्हात वेत कसला टिकतो! आळ्यात भेगाळलेली माती तेवढी होती. मी मायचा दंड धरला.

"हे सोड, माय. इथं झाडच नाई."

"अन् हेच माहं असलं तं?"

मी तिचा दंड सोडला. ती गुडघ्यावर हात टेकत खाली बसली आणि बाटलीतलं सगळं पाणी तिनं त्या आळ्यात ओतलं. ते बघता बघता जिरून गेलं. तिनं रिकामी बाटली मामापुढे धरली.

"आणखी आण," ती म्हणाली.