प्रोग्रॅमला थापा मारणारे भाऊ

"काही बदललेलं नाही हो. तुम्ही निवांत चला."

हे वाक्य भाऊ कॉम्प्युटरला म्हणायचे. चष्मा कपाळावर, नाक स्क्रीनला टेकायच्या बेतात, आणि आवाज असा, की जणू समोर आजारी मामा झोपलेत. गुरुग्रामच्या आमच्या ऑफिसात, अकराव्या मजल्यावर, मराठी आम्ही दोघंच. बाकीचे त्यांना आदराने 'भाऊजी' म्हणत. अर्थ सांगायच्या भानगडीत मी कधी पडले नाही.

त्यांचं काम ऐका. आमच्या क्लायंटचा गोदामाचा प्रोग्रॅम इतका जुना, की नव्या सिस्टिमवर उभाच राहत नसे. म्हणून त्याच्या सगळ्या जुन्या फायलींसकट त्याला एका आभासी डब्यात बंद करून ठेवलेलं. बाहेर नवं जग, आत जुनं. पण सिस्टिमचा अपडेट आला रे आला, की डबा उघडेना. मग भाऊ कुठे बिनसलंय ते शोधत आणि प्रोग्रॅमला पटवून देत, की अजून जुनीच सिस्टिम आहे. थोडक्यात, थापा मारायच्या. पगार त्याचाच.

आणि माणसांसमोर? अहो, माणसांसमोर या गृहस्थांना एक थाप मारता येईल तर शपथ! मी एकदा हौसेने पुरणपोळ्या नेल्या. सगळे "वाह मॅडम" करत होते. भाऊ म्हणाले, "जाड झाल्यात." तेही तिसरी खाताना. बॉसने वाढदिवसाला लाडात येऊन विचारलं, "भाऊजी, पचास का लगता हूँ?" भाऊंनी नीट निरखून पाहिलं. "नहीं सर. साठ." साहेब होते बावन्नचे.

तर त्या दिवशी क्लायंटकडच्या बाई स्वतः यायच्या होत्या. करार पुढे चालू ठेवायचा की नाही, ते ठरणार होतं. नाही म्हणाल्या असत्या तर आमची सहा जणांची टीम फुटली असती, आणि ती मी चार वर्षं जिवापाड सांभाळली होती. सकाळी येऊन बघते तर अपडेट बसलेला, डबा बंद. भाऊंनी चष्मा वर केला, वीस मिनिटं पुटपुटले, आणि प्रोग्रॅम सुरू.

मी त्यांना कोपऱ्यात घेतलं. "भाऊ, हात जोडते. बाईंनी काही विचारलं तर हसून मान डोलवा. बस."

"प्रयत्न करतो," म्हणाले. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

बाईंनी सगळं पाहिलं, खूश झाल्या, आणि नेमकं भाऊंनाच विचारलं, "तो अब कोई दिक्कत नहीं?"

भाऊ हसले. मान डोलवायला गेले, ती अर्ध्यात अडकली. कान लालबुंद. "है, मॅडम. दिक्कत है. अगले अपडेट में फिर बंद पडेगा. नया बनवाइए."

"आप लोग बना देंगे?"

"हमको नहीं आता."

मेले, म्हटलं, आता मेले!

बाईंनी नवा प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीला बनवायला दिला. आमचा करार गेला. आणि भाऊंना त्यांनी स्वतःच्या नोएडाच्या ऑफिसात नोकरी दिली. "ऐसा आदमी मिलता कहाँ है!" म्हणे. घ्या! आमची टीम चार दिशांना पांगली आणि हे चालले नोएडाला.

शेवटच्या दिवशी मी त्यांना मेट्रोपर्यंत सोडायला गेले. फाटकाशी थांबून त्यांनी विचारलं, "मॅडम, रागावलात ना माझ्यावर?"

"छे हो, काहीतरीच काय," हे अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून ते म्हणवेना.

"हो," म्हटलं. "खूप रागावलेय. आणि तुम्ही जाताय त्याचं वाईटही तेवढंच वाटतंय."

"मलाही," भाऊ म्हणाले, आणि गर्दीबरोबर आत गेले.

हा माणूस उगाच काही बोलायचा नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी तिथेच, फाटकाशी उभी राहून, चारचौघांत रडले.