स्नो लावला आणि माता आली

अकोल्याला मॅट्रिकला असताना मी चोरून तोंडाला लावायच्या स्नोची बाटली आणली. आईला असले नखरे खपत नसत. चार दिवस लावला, न् पाचव्या दिवशी सकाळी डोळेच उघडेनात. गाल सुजलेले, वर पुरळ, नुसती आग! आई पाहायला आली अन् दारातच थबकली. माझ्याआधीचा तिचा पोरगा देवीनं नेला होता. ती माझ्याशी बोललीच नाही. माझ्या तोंडाला हात जोडून म्हणाली, "आली काय माय तू? माह्या लेकराले सांभाळ वं."

"अवं आई, मीच आहो ना!" मी ओरडले. तिनं ऐकलंच नाही.

घरात फोडणी बंद झाली. उशाशी कडूनिंबाचा पाला आला. माता घरात असली की डॉक्टर आणत नसत, ती रागावते म्हणून. मोहल्ल्यातल्या बाया भरदुपारी चपला बाहेर काढून येत, माझी ओटी भरत. मला दिसत काही नसे. अगदी गालाजवळ कुणीतरी कुजबुजे, "माय, माह्या सुनेले पोरगं दे." अंगावर सर्रकन काटा यायचा. एक म्हणाली, "कसा गोड वास येऊन राह्यला मातेचा!" वास स्नोचा होता! मला हसू फुटलं, तर सगळ्या घाबरून उठल्या. मग मीही घाबरले.

आणि मी मूर्ख कुठली! आग व्हायची म्हणून तोच स्नो गुपचूप पुन्हा लावी. थंड वाटे. सकाळी तोंड आणखी सुजे. आईनं एकदा गालावरून हात फिरवावा एवढंच मला हवं होतं. ती चार हात लांब बसायची.

शेवटी मामा आले आणि आईशी भांडून मला अमरावतीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी माझ्या गालाचा वास घेतला, काय लावतेस म्हणून विचारलं. पिशवीत लपवून आणलेली बाटली मी काढून दिली. म्हणाले, "स्नो टिकावा म्हणून यात औषध घालतात. ते तुझ्या कातडीला सोसत नाही. फेकून दे."

आठवड्यात तोंड निवळलं. घरी येऊन आईला सगळं कबूल केलं. वाटलं, आता धपाटे बसतील. बसावेत असंच वाटत होतं. ती चार हात लांब, हात जोडून ऐकत राहिली. मला इतका संताप आला की हातातला कप मी जमिनीवर आपटला. "मार ना वं मले! काहून मारत नाईस?"

आई पुढं आली, वाकली, आणि माझ्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "चुकलं असन तं माफ कर, माय."