ताईच्या सवयीचा लॅपटॉप

पिपरी मेघेच्या आमच्या अभ्यासिकेत कुणी कुणाशी फारसं बोलत नाही, म्हणून मला ती आवडते. तिथे रोज संध्याकाळी एक काका जाडजूड, जुना लॅपटॉप घेऊन बसायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्या लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळ्याच जातीचा होता. मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्याच्यासाठी कुणी बनवत नव्हतं, म्हणून काका त्याचा मूळ कोड आणून स्वतः बिल्ड करायचे, म्हणजे या लॅपटॉपवर चालेल असं ते घडवायचे. ते मध्येच अडायचं आणि पडद्यावर लाल ओळी यायच्या. काका चष्मा कपाळावर सरकवून त्या ओळींवरून बोट फिरवायचे, काहीतरी बदलायचे आणि पुन्हा सुरू करायचे.

"काका, काऊन या डब्याच्या मागं लागले? नवा घ्या ना," एकदा शेजारची मुलगी कुजबुजली.

"माह्या देवळीच्या ताईची नजर गेली. याच्या कळा तिच्या बोटायले पाठ आहेत. नव्यावर बिचारी चाचपडते."

परवा लाल ओळी आल्याच नाहीत. काकांनी घाईनं काहीतरी टाइप केलं, पण इअरफोन लावायचे विसरले. शांत खोलीत लॅपटॉप सपाट आवाजात मोठ्यानं बोलला, "ताई, जेवली काय?"

सगळ्यांनी माना वर केल्या. काका ओशाळले. मी कशी कोण जाणे, पण म्हणाले, "काका, पुन्हा एकदा ऐकवा ना."

"नाई पोरी, आता पहिले तिलेच," म्हणत ते लॅपटॉप छातीशी धरून निघालेही.

मी खिडकीतून पाहिलं. थांब्यावरचा बाक रिकामा होता, तरी ते बसले नाहीत. देवळीची बस जिकडून येते, तिकडे बघत उभेच राहिले.