अणूचे तुकडे आणि आमचे आबा

आज सकाळी जे बोलून बसले ते मनातून जात नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मी लोणखेड्याला एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. माझे सासरे, आमचे आबा, जिल्हा परिषद शाळेतले निवृत्त गुरुजी. सकाळी ते माझ्या मुलीचा अभ्यास घेत होते. "अणू म्हंजे सर्वात बारीक कण. त्याना तुकडा व्हत नही," असं त्यांनी सांगितलं.

पोळ्या लाटता लाटता मी हसले. "आबा, चुकीचं नका सांगू तिला. ते केव्हाच खोटं ठरलं."

मुलगीही हसली. आबा पुस्तक मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

शाळेत नेमका तोच धडा होता. आधी अणू अविभाज्य मानला, मग त्यात इलेक्ट्रॉन सापडले, मग केंद्रक. केंद्रकाभोवती गोल कक्षा काढताना माझा हात थांबला. इलेक्ट्रॉन असे ठरलेल्या वाटेने फिरत नाहीत, हेही आता कळलंय. तरी मी दरवर्षी तेच काढते, कारण मुलांना सुरुवात तिथूनच करता येते.

घरी येताच आबांची माफी मागितली. ते रागावलेच नव्हते. हळूच म्हणाले, "मी इतला वरीस पोरेस्ले खोटंच शिकाडं का वं, माय?"

"मग मीही इतकी वर्षं पोरांना खोटंच शिकवतेय," म्हणत मी त्यांना माझ्या फळ्यावरच्या कक्षांबद्दल सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण जेवले थोडंच.

तुमच्यापैकी कोणी 'अणू' हा शब्द पहिल्यांदा अशाच एखाद्या गुरुजींकडून ऐकला असेल, तर खाली लिहाल का? मी आबांना वाचून दाखवेन.